हेमंतच्या वहीतल्या दहा पायऱ्या

हेमंत, तुझा पुढचा दात मी फोडला होता आणि त्याच अर्ध्या दातावरून मी तुला ओळखलं. पालघरला त्या खोलीत चादर बाजूला केली, तेव्हा ओळखण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. तिथल्या माणसाने विचारलं, "नक्की हेच ना? नीट बघा." मी म्हटलं, "हाच. हा दात माझा आहे." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, धक्क्याने याचं डोकं फिरलंय. मी सही केली, बाहेर आलो आणि भिंतीवर अशी बुक्की मारली की उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. छिन्नी धरता येत नाही. बरं झालं.

तुझं तेरावं होऊन तीन दिवस झाले. जेवायला आलेले सगळे तुझ्याबद्दल एकच बोलत होते, फार शांत माणूस होता हो. शांत कसला? सहावीत असताना कैरीवरून भांडण झालं तेव्हा तू मला दगड फेकून मारला होतास. माझ्या भुवईवर खूण आहे अजून. मीही तुला त्याच दिवशी विहिरीच्या कठड्यावर धरून बडवला होता. आपण मारामारीतूनच दोस्त झालो. पुढे तू माझ्या बहिणीशी, वंदूशी लग्न करायचं म्हणालास तेव्हाही मी आधी तुझी कॉलर धरली आणि मग तुला मिठी मारली. गप्प झालास तो तू त्या दसऱ्यानंतर. आणि तुला गप्प मी केलं, हे त्या पंगतीत कोणाला ठाऊक नव्हतं.

ते आज मला लिहायचं आहे. तोंडावर सांगायला नऊ महिने होते, तेव्हा जीभ उचलली नाही.

चिंचणीत आपल्याकडे घरटी एक डायवाला. दागिन्याची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरायची, त्यावर सोन्या-चांदीचा पत्रा ठोकला की दागिना उठतो. बाबांनी आयुष्यभर तेच केलं. पत्र्याची शेड, एक खिडकी, एक लाकडी ओंडका, छिन्न्यांचा डबा. मी बाबांच्या हाताखाली शिकलो आणि तू माझ्या मांडीला मांडी लावून. पण तुझं लक्ष कोरण्यापेक्षा कोरणारं मशीन कसं करता येईल याच्यावर. भंगारातून लोखंडी सांगाडा आणलास, मोटारी बसवल्यास, जुना कॉम्प्युटर जोडलास आणि त्यात ती तुझी लिनक्स सिस्टिम घातलीस. मशीन स्वतःच कोरायला लागलं त्या दिवशी बाबा अर्धा तास उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण ह्याला घाम येत नाय." आणि आपल्या ओंडक्यावर जाऊन बसले.

तुझ्या त्या लिनक्सचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. "पक्या, ही सिस्टिम उघडी हाय. जगातला कोणीपण आत बघतो, चुकलं तर सांगतो, सुधारतो. लपवाछपवी नाय. आपण काय चोरीची सीडी घालून बसलो नाय." मी म्हणायचो, उघड्यावर ठेवलेल्या मालाला कुत्रं तोंड घालतं. तू चिडायचास. तुझा चिडका चेहरा बघायला मी आणखी बोलायचो. बाबा गेल्यावर शेडमध्ये आपण दोघंच उरलो आणि हा वाद हातोडीच्या ठोक्यासारखा रोजचाच झाला.

मग तुझं अपग्रेडचं सुरू झालं. आपली आवृत्ती जुनी झाली, तिच्या दुरुस्त्या येणं बंद झालं, डिझाइनचा नवा प्रोग्रॅम तिच्यावर बसत नाही, वगैरे वगैरे. मी साफ नाही म्हटलं. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? तू महिनाभर मागे लागलास. शेवटी मी म्हटलं, दसऱ्याला कर काय करायचं ते, एरवी एक दिवस मशीन बंद ठेवणार नाही.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यार उचलत नाहीत. छिन्न्या धुऊन पाटावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. बाबांनी ताप असताना सुद्धा हे मोडलं नाही. तू म्हणालास, "मशीन चालवत नाय ना मी. फक्त सिस्टिम बदलतोय. हत्याराला सुट्टी हाय, कॉम्प्युटरला कुठे हाय?" वंदूने मशीनला हार घातला, कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचं बोट उमटवलं आणि घरी गेली. तुझ्या मोबाइलच्या नेटवरून तो अपग्रेड सरपटत होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी. मी स्टुलावर बसून तुझ्या डोक्याचं भरीत करत होतो. झालं का, झालं का, अजून किती.

बाराच्या सुमाराला तू म्हणालास, "पक्या, जा ना, चहा आण." मी म्हटलं, मी काय तुझा नोकर आहे? तूच गेलास.

तू गेलास आणि ओळी थांबल्या. पडद्यावर एक प्रश्न आला. मला इंग्रजी यथातथाच. एवढं कळलं की कुठली तरी फाइल तुम्ही स्वतः बदललेली आहे, तीच ठेवू की नवी घेऊ, असं विचारतंय. वाय म्हणजे नवी, एन म्हणजे जुनी. मी तुझी वाट बघायला हवी होती. चहावाला कोपऱ्यावरच आहे, पाच मिनिटं. पण मला वाटलं, नवं घ्यायचं म्हणून तर सकाळपासून बसलोय, हो म्हणून टाकू, पुढे जाईल. माझा स्वभाव तुला माहीत आहे. सोयरीक असो, ऑर्डर असो, आधी हो म्हणून मोकळा होतो. मी वाय दाबलं. ओळी पुन्हा पळायला लागल्या. मला बरंच वाटलं. तू आलास, मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही घडलंय हेच मला कळलं नव्हतं.

त्या फाइलीत तुझ्या मशीनची मापं होती. मोटार किती फिरली म्हणजे हत्यार किती सरकतं, कुठे थांबायचं, कुठे थांबायलाच हवं. तू ती भलत्या ठिकाणी, सिस्टिमच्याच फाइलीत लिहून ठेवली होतीस, सोपं पडतं म्हणून. ती तुझी चूक. बाकी सगळी माझी.

संध्याकाळी अपग्रेड संपला. मशीनच्या पाटावर एका बाजूला चाचणीची पट्टी आवळलेली, आणि दुसऱ्या बाजूला बाबांचा मास्टर. केवड्याच्या पानाचा, पितळेचा, ज्याच्यावरून आपले सगळे पोलादी डाय निघायचे. बाबांनी तो पावसाळाभर बसून कोरला होता, पानाच्या कडेचे काटे सुद्धा बोटाला टोचत. दुसऱ्या दिवशी त्याची मापं कॉम्प्युटरात घ्यायची म्हणून तू तो आधीच बसवून ठेवला होतास. तू म्हणालास, "आता उद्या बघू. आज चालवायचं नाय." आणि मी म्हटलं, "दिवस खाल्लास माझा. चालतंय का ते तरी दाखव. का बिघडवलंस?" तू माझ्याकडे बघितलंस. मग तू बटण दाबलंस.

पाऊण इंच सरकायचं ते हत्यार वीतभर सुटलं. पूर्ण वेगात फिरत पट्टीवरून घसरलं आणि मास्टरमध्ये घुसलं. तो आवाज अजून माझ्या दाढांमध्ये आहे. पितळेचा कीस उडाला, हाराचा झेंडू उडाला, हत्याराचा तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यात घुसला. तू थांबवायच्या लाल बटणावर थाप मारलीस, मशीन थांबलं. पानाच्या मधोमध बोट जाईल एवढा चर पडला होता.

माझ्या हातात हातोडी होती. दसऱ्याला मी ती पाटावरून कधी उचलली मला आठवत नाही. ती मी खाली टाकली आणि मग मारलं, एवढंच माझं पुण्य. एक बुक्की तोंडावर, दुसरी पोटात, तू वाकलास तेव्हा लाथ. "माझा बाप मारलास तू," असं मी ओरडत होतो. तू हात सुद्धा वर केला नाहीस. सहावीतला हेमंत असता तर मशीनचा पाना माझ्या डोक्यात घातला असता. तू नुसता रक्त थुंकलास आणि त्या रक्तात अर्धा दात होता. तेवढ्यात वंदू धावत आली. तिने आधी मास्टर बघितला, मग तुला. माझी बहीण तुला म्हणाली, "दसऱ्याच्या दिवशी मशीन चालवलंत तुमी? बाबांचा हात तोडलात." तुझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि ती मास्टर पदराने पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, ओठाला टाके घालून. कॉम्प्युटरपुढे तासभर बसलास. मी ओंडक्यावर तुझ्याकडे पाठ करून ठोकत होतो, कोरायला काही नव्हतं तरी ठोकत होतो. तू मशीन पूर्वीसारखं केलंस, हवेत चालवून बघितलंस, शेडची चावी टेबलावर ठेवलीस. म्हणालास, "मापं बरोबर हायत आता. बघून घे." आणि गेलास. आठ दिवसांनी कळलं, बोईसरला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला लागलास.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही. तू गेल्यावर महिन्याच्या आत मला कळलं. मशीनला दुसरा माणूस आणला होता, त्याला मी सहज विचारलं, असा असा प्रश्न येतो, वाय दाबलं तर काय होतं? तो म्हणाला, मग तुमची सगळी मापं पुसली जाणार की. मी त्याला त्याच दिवशी घालवून दिला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी तुझ्या तोंडावर बुक्कीने मारल्या होत्या.

भाऊबीजेला मी तुमच्याकडे आलो, आठवतं? दार तू उघडलंस. ओठावर टाक्यांची गाठ होती. पाट तूच मांडलास. वंदू ओवाळताना मला म्हणाली, "दादा, ह्यांना मी अजून माफ केलं नाय. करणार पण नाय." तू समोरच उभा होतास. मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यात करंजी घातली. तू ताट माझ्याकडे सरकवलंस आणि म्हणालास, "खा." तुझा अर्धा दात दिसला. मी तीन करंज्या खाल्ल्या, भित्र्या कुत्र्यासारखं, खाली बघून.

ज्या दुपारी तुझ्या कंपनीत स्फोट झाला, त्या वेळी मी शेडमध्ये होतो. आवाजाने पत्रे थरथरले आणि छिन्नी माझ्या अंगठ्यात घुसली. मी शिवी हासडली, फुटली परत कुठली तरी कंपनी. आपल्याकडे असा आवाज आला की ज्याचा माणूस बोईसरला आहे तो आधी फोन उचलतो. मी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि पुन्हा खिशात ठेवला. म्हटलं, मी का करू? वंदू करेल. माझी अकड बघ. अंगठ्याचं रक्त टपकत होतं आणि मी अकडून बसलो होतो. तासाभराने तुझ्या नंबरवरून फोन आला. मी उचलताच म्हणालो, "बोल." पलीकडून कोणी तरी रडत होतं. "भैया, हेमंतजी के फोन में आपका नाम सबसे ऊपर था. आप जल्दी आ जाओ." माझं नाव सगळ्यात वर होतं, हेमंत. नऊ महिने आपण धड बोललो नव्हतो. तू सारखा काढून बघायचास का रे, माझ्यासारखाच?

मी मारलं म्हणून तू शेड सोडलीस, शेड सोडलीस म्हणून तू कंपनीच्या त्या कोसळलेल्या भिंतीखाली होतास. मी हे कोणालाही सांगितलं तर ते म्हणतील, तसं नसतं हो, ज्याची त्याची वेळ. त्यांना काय जातंय म्हणायला? मला तुझा राग येतो. तू उलटून का नाही मारलंस? तुझी ती उघडी सिस्टिम सगळं लिहून ठेवते, कुठली फाइल कधी बदलली, किती वाजता. दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर बसलास तेव्हा तू ते बघितलं असणार. बाराच्या सुमाराला तू चहावाल्याकडे होतास हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? उठून माझं टाळकं फोडायचं होतंस. वंदूला हाक मारून दाखवायचं होतंस. पण तू मला म्हणालास, मापं बरोबर हायत.

हे सगळं मला कालपर्यंत नुसतं वाटत होतं. काल खात्री झाली.

काल सकाळी वंदू शेडमध्ये आली. तेराव्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली ती इथेच. म्हणाली, "दादा, हे मशीन मी चालवणार. मला त्यांनी घरच्या लॅपटॉपवर सगळं शिकवलंय." मी म्हटलं, आठ महिने बंद आहे, धूळ बसलीय. तिने कॉम्प्युटर लावला. पडद्यावर आलं की आणखी नवी आवृत्ती निघाली आहे. ती म्हणाली, "ठाऊक हाय. त्यांनी लिहून ठेवलंय, कुठे ते पण सांगितलं होतं." कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून तिने आतून एक शंभरपानी वही काढली. तुझं अक्षर. वर लिहिलं होतं, पुढच्या अपग्रेडला, पायऱ्या. खाली त्या सकाळची तारीख. मी तुझ्याकडे पाठ करून रिकामा ठोकत होतो, तेव्हा तू हे लिहीत होतास.

वंदू एकेक पायरी मोठ्याने वाचायची आणि करायची. पहिली, सगळ्या डिझाइनची प्रत पेनड्राइव्हवर. दुसरी, मापांच्या फाइलीची प्रत, दोन ठिकाणी. तिसरी, पाटावरचं सगळं काढून ठेवणे, काहीही आवळलेलं नको. माझ्या पाठीतून घाम वाहत होता. दुपार झाली, ओळी पळत होत्या. आठवी झाली. मग ती थांबली आणि हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

"दादा, हे ऐक. पायरी नववी. इथे एक प्रश्न येईल. त्याच्या आधी पक्याला चहा आणायला पाठवणे. मग एन दाबणे." तिने माझ्याकडे बघितलं. "असं काय लिहिलंय रे ह्यांनी? काय गंमत?"

गंमत आहे म्हणून मी सोडून देऊ शकलो असतो. तिला हसताना बघून क्षणभर तसं वाटलंही. तू मला वाटच करून ठेवली होतीस. जा, चहा आण, कोणाला काही कळायचं नाही. तुझ्या चांगुलपणाचा मला तेव्हा एवढा संताप आला की तू समोर असतास तर मी तुझा दुसरा दात पाडला असता.

मी गेलो, हेमंत. तू सांगितलंस म्हणून गेलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे उभा राहिलो, तो "दोन का?" म्हणाला आणि मी "तीन" म्हटलं. मग दोनच घेतले. परत आलो तेव्हा वंदूने एन दाबलेलं होतं, ओळी पुढे पळत होत्या. मी तिच्या हातात ग्लास दिला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाय मी दाबलं. तो तेव्हा चहाला गेला होता. मशीन चालव म्हणून मीच टोचलं. महिन्याच्या आत मला कळलं, भाऊबीजेला मला ठाऊक होतं, आणि मी करंज्या खाल्ल्या. त्याला सगळं माहीत होतं. वंदू, त्याने तुझ्या शिव्या खाल्ल्या आणि माझं नाव घेतलं नाही.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. ग्लास टेबलावर ठेवला, सांडणार नाही असा नीट सरकवून ठेवला, उठली आणि मला मारलं. उघड्या हाताने नाही, बुक्कीने, तोंडावर. मी पडलो नाही म्हणून पुन्हा मारलं. "नऊ महिने," ती म्हणत होती आणि मारत होती. "नऊ महिने मी त्यांना ताटात वाढताना बोलले. शेवटच्या दिवशी डबा भरताना पण बोलले." मी हात वर केला नाही. ते तुझ्याकडूनच शिकलो. ओठ फुटला. दात मात्र शाबूत राहिले, त्याचं मला वाईट वाटलं.

दमली तेव्हा ती पुन्हा खुर्चीत बसली. कितीतरी वेळ ती वही छातीशी धरून रडत होती आणि मी भिंतीला टेकून रक्त गिळत होतो. पडद्यावर ओळी संपल्या. पुन्हा चालू करा, असं आलं. तिने केलं. मशीनच्या मोटारी गुरगुरल्या. तिने पदराने तोंड पुसलं, वही उघडली आणि रडक्या आवाजातच वाचलं.

"पायरी दहावी. मशीन पहिल्यांदा चालवताना लाल बटण पक्याच्या हातात देणे. दुसऱ्या कोणाच्या नाय."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. नुसती खुर्ची थोडी सरकवून जागा केली. मी पुढे गेलो आणि न मिटणारी दोन बोटं त्या लाल बटणावर ठेवून उभा राहिलो.